पुन्हा म्हण

जानेवारीतल्या एका रविवारी, बाहेर उणे एकोणीस असताना, माझा नवरा सुटकेस घेऊन दुसऱ्यांच्या घरी राहायला गेला. भांडून नाही हं. चांगला रीतसर, माझ्याकडून मेतकूट आणि लिंबाचं लोणचं भरून घेऊन गेला. कुठे, तर एटोबिकोला. आमचं घर मिल्टनला, म्हणजे ट्रॅफिक नसेल तर पाऊण तासाचासुद्धा रस्ता नाही. आणि कशासाठी, तर जपानी शिकायला. त्रेसष्टाव्या वर्षी! एका जपानी जोडप्याच्या घरी, होस्ट फॅमिलीकडे. लोकांची कॉलेजातली मुलं जातात होस्ट फॅमिलीकडे. आमच्याकडे नवरा गेला, आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला मला मागे ठेवून गेला.

मिलिंद त्याचं नाव. त्याच्याबद्दल सांगायचं तर आधी हे सांगायला हवं की हा माणूस जन्मभर चुका काढत आला. नोकरीच ती. भोसरीला कारखान्यात होता तेव्हा क्वालिटीत, कॅनडाला आल्यावर गाड्यांचे पार्ट करणाऱ्या प्लँटमध्ये लागला तोही क्वालिटीतच, थेट निवृत्त होईपर्यंत. पार्ट समोर यायचा, हा उचलणार, कडेवरून अंगठा फिरवणार आणि बाजूला ठेवणार. रिजेक्ट. त्याच्या अंगठ्याला काय कळायचं देव जाणे, पण त्यानं बाजूला काढलेला पार्ट कधी चांगला निघाला नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की बाबा रे, घरी येताना तो अंगठा तिकडे लॉकरमध्ये ठेवून येत जा. छे. मंडळाच्या गणपतीला गेलो की हा दारातच उभा, स्वागताच्या फलकातल्या चुका काढत. कुणी हळदीकुंकवाचं आमंत्रण मेसेजवर पाठवलं की येणार की नाही ते न कळवता तेच आमंत्रण दुरुस्त करून परत पाठवायचा. ‘मी तुझी मदत करतो’ असं कुणी म्हणालं की ह्याचं डोकं फिरलंच. ‘तुला मदत करतो’ असं म्हणवून घेतल्याशिवाय मदतच घ्यायचा नाही. मंडळातले लोक त्याला तोंडावर मास्तर म्हणायचे आणि पाठीमागे काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे.

मनाने वाईट नाही हो. शेजारची म्हातारी एकटी राहते तर तिचा ड्राइव्हवे आमच्याआधी साफ करतो. पण तिथेसुद्धा, ती बर्फावर मीठ चुकीच्या वेळी टाकते हे तिला समजावून सांगतोच.

अनुया, आमची एकुलती एक, सहा वर्षांची असताना आम्ही इथे आलो. शाळेत जायला लागली तसं तिचं मराठी डगमगायला लागलं. सगळ्यांच्याच मुलांचं होतं. दुसऱ्यांच्या घरी आईबाप हसून सोडून देत. आमच्याकडे रोज रात्रीचं जेवण म्हणजे तोंडी परीक्षा. पोरगी उत्साहाने काही सांगायला लागायची, पहिल्या वाक्याला हा हात वर करायचा. “पुन्हा म्हण.” ती पुन्हा म्हणायची. पुढच्या वाक्याला परत हात. “पुन्हा म्हण.” मी मध्ये पडायचे, रोज पडायचे, तर मला म्हणायचा, तू लाडावून ठेवते आहेस, चूक कळल्याशिवाय सुधारणार कशी? अकरा-बारा वर्षांची असताना एकदा शाळेच्या कॉयरमध्ये तिला एकटीने गाणं म्हणायला मिळालं होतं. केवढी फुलून आली होती! ते सांगताना ह्यानं तिला तीनदा थांबवलं. तिसऱ्यांदा तिनं चमचा ताटाशेजारी सरळ ठेवला आणि “इट्स ओके. नेव्हर माइंड,” म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या घरात बाप मराठीत विचारणार आणि मुलगी इंग्रजीत उत्तर देणार. वीस वर्षांहून जास्त झाली त्याला. मिलिंदला विचाराल तर तो सांगेल, इथल्या शाळांनी मुलीचं मराठी खाल्लं. मी कपाळाला हात लावते.

पुढे अनुया एका वर्षासाठी म्हणून जपानला इंग्रजी शिकवायला गेली आणि तिथलीच झाली. दाइची नावाच्या मुलाशी लग्न केलं. चांगला आहे, शांत आहे, आमच्या जावयाबद्दल माझी काही तक्रार नाही. नागोयाला असतात. त्यांची मुलगी मिओ, मी तिला मिऊ म्हणते. अनुया तिच्याशी इंग्रजीत बोलते आणि ती पोर उत्तर देते जपानीत. हे मी पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर ऐकलं तेव्हा मला हसू आलं आणि मिलिंद उठून आत गेला.

माझं बरं चालायचं मिऊशी. मी फोनसमोर लाटणं नाचवते, तोंडं वेडीवाकडी करते, ती खिदळते. मिलिंदला ते जमत नाही. तो ताठ बसून “हाऊ आर यू, मिओ?” विचारणार, ती आईकडे बघणार, हात हलवणार आणि पळणार. तरी दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसायचा.

मग मागच्या सप्टेंबरातला तो कॉल झाला. मिऊ स्वतःहून फोनजवळ आली, हातात एक प्लास्टिकचा डबा. तिकडे मुलं उन्हाळ्यात शिंगवाले भुंगे पाळतात, आपल्याकडे कुत्रा पाळावा तसे, नाव ठेवून. तिनं डबा कॅमेऱ्याला चिकटवला आणि आजोबांना काहीतरी सांगायला लागली. पहिल्यांदाच आजोबांना! लांबलचक, धाप लागेपर्यंत. मिलिंद असा खूश, असा खूश, की मान डोलवत राहिला आणि सारखं “व्हेरी नाइस! व्हेरी नाइस!” म्हणत राहिला. अनुया स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत पोरीचा चेहरा पडला होता. तिचा भुंगा त्या सकाळी मेला होता. ती आजोबांना तेच सांगत होती.

त्यानंतर मिऊ फोनवर आली की माझ्याशी हसायची आणि मिलिंद दिसला की उठून जायची. अनुया म्हणाली, शी विल फर्गेट, बाबा. पोरं विसरतात, मीही तेच म्हटलं. ऑक्टोबरमध्ये मला कळलं की हा दर शनिवारी कम्युनिटी सेंटरमध्ये जपानीच्या वर्गाला जातो. ग्रोसरीला जातो सांगून जायचा आणि एक कोथिंबिरीची जुडी घेऊन दोन तासांनी यायचा, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मार्चच्या शेवटी अनुया मिऊला घेऊन येणार होती. एप्रिलमध्ये मिऊची तिकडे पहिली सुरू होणार, त्याआधीची सुट्टी. तोपर्यंत ह्याला त्या पोरीला एक गोष्ट नीट सांगायची होती, तिच्या भाषेत: त्या दिवशी तुझा भुंगा गेला हे मला कळलं नाही, मी चुकलो. एवढंच. त्याकरता वर्ग पुरेना म्हणून वर्गाच्या बाईंनी सुचवलेलं होस्ट फॅमिलीचं खूळ. हिवाळाभर जपानी कुटुंबात राहायचं, उंबरठ्याच्या आत इंग्रजी बंद. बाकी सगळे विद्यार्थी विशीतले. मी म्हटलं, अरे, अनुयाला सांग की, ती सांगेल पोरीला तुझ्या वतीनं. तर म्हणाला, चूक मी केली, अनुयानं नाही. आता ह्यावर काय बोलायचं? लोणचं भरून दिलं.

आणि सुरू झाली माझी परवड. सकाळी क्लिनिकला जायच्या आधी काळोखात उठून बर्फ उपसायचा. मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला आहे, तिथे दिवसभर उभ्यानं हसायचं. आपण घाम गाळून ड्राइव्हवे साफ करावा, आणि मागून रस्त्यावरचा बर्फ लोटणारा टाउनचा प्लाऊ येऊन नेमका तोंडाशी गुडघाभर बांध घालून जावा. त्या बांधात फावडं रुतलेलं असताना ह्याचा फोन यायचा. माझी कंबर कशी आहे हे विचारायला नाही. तक्रार करायला!

तक्रार काय, तर कोणी चुका काढत नाही. मोरिशिता म्हणून ते जोडपं, दोघं सत्तरी ओलांडलेली, पन्नास वर्षांपूर्वी इकडे आलेली. बाई ठेंगणी, चटपटीत. नवरा दिवसभर खिडकीतल्या कुंड्यांशी. फार जपतात, गरम पाण्याची पिशवी गादीत ठेवतात, ह्याला मासे चालत नाहीत तर रस्सासुद्धा वेगळा करतात. पण हा तोंड उघडून काही बोलला की बाई मान लववून म्हणणार, “जोओझु देस ने.” म्हणजे तुमचं जपानी किती छान! सगळ्याला छान. वर्गातल्या बाई तर कॅनडातच वाढलेल्या, त्या वर “ग्रेट जॉब!” म्हणून टाळ्या वाजवतात. मिलिंदचं रक्त उकळायचं. “एक माणूस रिजेक्ट करत नाही, अरुणा,” मला म्हणायचा. “सगळा माल पास! असं कुठे असतं का?”

एके दिवशी तर कहर केला. त्यांच्या प्लँटमध्ये एक रीत होती. नवा इन्स्पेक्टर आला की चांगल्या पार्टांत मुद्दाम एक फुटका सरकवायचा आणि पकडतोय का बघायचं. ह्यानं तीच परीक्षा मोरिशिताबाईंची घेतली. जेवायला बसल्यावर गंभीर चेहऱ्यानं जपानीत म्हणाला की आज सूप खुर्चीवर बसून पेपर वाचत आहे. बाईंनी सूप वाढलं, मान लववली आणि म्हणाल्या, जोओझु देस ने. मी फावड्यावर रेलून एवढी हसले की शेजारची म्हातारी दारात आली. मिलिंद मात्र खरोखर कळवळला होता. मला म्हणाला, मी ते भुंग्याचं वाक्य रोज त्यांना म्हणून दाखवतो, ते रोज छान म्हणतात. आता ते खरंच छान आहे का तेही त्या सूपसारखंच छान आहे, हे मला कळणार कसं? आणि मग फोनवर मला ते वाक्य म्हणून दाखवायचा. रोज. काबुतोमुशी म्हणजे भुंगा आणि मोऊ इक्काई म्हणजे पुन्हा एकदा, हे माझ्यासुद्धा डोक्यात बसलं. चुकला की स्वतःलाच म्हणायचा, मोऊ इक्काई, आणि पहिल्यापासून सुरू. माझे हात गारठलेले, फोन खांद्यात धरलेला, आणि हा तिकडे हीटरजवळ. असा संताप यायचा!

फेब्रुवारीत त्यांनी मला जेवायला बोलावलं. मी नारळाच्या वड्या घेऊन गेले. नियम माझ्यासाठी जरा सैल केला होता, बाई माझ्याशी इंग्रजीत बोलत होत्या. त्यांचा नवरा बोलतच नव्हता, मला वाटलं स्वभाव असेल. जेवण छान झालं आणि तेवढ्यात मिलिंदनं माझ्यादेखत विषय काढला. आधी जपानीत, मग न राहवून इंग्रजीत. म्हणाला, तुम्ही माझ्या चुका सांगत का नाही? मला वाईट वाटणार नाही. कृपा करून सांगा. आवाज चढला होता त्याचा. मोरिशिता उठले आणि कुंड्यांकडे गेले. बाईंनी हसून चहा ओतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाट्या घेऊन मी बाईंच्या मागे स्वयंपाकघरात गेले, माफी मागायला. त्यांनी नळ सोडला आणि पाठमोऱ्या बोलायला लागल्या. त्यांचा नवरा पहिल्यांदा इथे कारखान्यात लागला तेव्हा त्याला इंग्रजी बोलायची फार हौस होती. फोरमन सज्जन होता, त्याला शिकवावं म्हणून प्रत्येक वाक्याला थांबवायचा, सगळ्यांसमोर, आणि नीट म्हणवून घ्यायचा. चांगल्यासाठीच. वर्षभरात नवऱ्यानं कारखान्यात बोलणं बंद केलं, मग दुकानात, मग फोनवर. अजूनही बँकेत गेलं तरी बाईच बोलतात. पन्नास वर्षं ह्या देशात राहून तो माणूस शेजाऱ्याला हवा कशी आहे म्हणून विचारत नाही.

“तुमच्या मिस्टरांना नातीशी बोलायचंय,” बाई म्हणाल्या. “आम्ही थांबवत राहिलो तर ते बोलणंच सोडून देतील.”

माझ्या हातात वाटी होती ती तशीच राहिली. डोळ्यांसमोर आमचं जेवणाचं टेबल आणि तो सरळ ठेवलेला चमचा.

मिलिंद मला गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. मोरिशितांचं सांगितलं, आणि मग म्हटलं ह्यात तुला कुणाची आठवण येते का बघ. तो विंडशील्डवरचा बर्फ खरवडत होता, तो थांबला.

“म्हणजे अनुयाचं मराठी मी बंद केलं, असं म्हणायचंय तुला?”

“हो,” मी म्हटलं. “मला तेच म्हणायचंय. आणि मी हे तुला वीस वर्षं सांगते आहे.”

चिडला. फोरमन परका होता, मी बाप आहे, म्हणाला. मी तिचं चांगलं व्हावं म्हणून केलं. मी म्हटलं, फोरमननंही चांगल्यासाठीच केलं. तर ब्रश माझ्या हातात देऊन सरळ आत निघून गेला, अर्धी काच तशीच ठेवून. मी परतताना हायवेवर एकटीच मोठ्यानं भांडत आले. त्यानंतर बरेच दिवस त्याचा फोन नाही, आणि मीही केला नाही. ड्राइव्हवे उपसताना कानाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, तरी केला नाही.

मार्चच्या मध्यावर आला परत. बारीक झाला होता. घरी आल्यावर भुंग्याचं वाक्य माझ्यासमोर म्हणेना. गराजमध्ये जाऊन म्हणायचा, विंटर टायर उतरवण्याच्या निमित्तानं. मी चहा द्यायला गेले की गप्प. त्या गाडीजवळच्या बोलण्याबद्दल त्यानं एक अक्षर काढलं नाही. आपलं कधी चुकलं असं हा माणूस म्हणेल ही आशा मी सोडून दिलेली होती, पण ह्या वेळी मला फार लागलं. नातीची माफी मागायला दुसऱ्याच्या घरी जाऊन राहतोस, आणि पोटच्या मुलीचं नावसुद्धा काढत नाहीस?

अनुया आणि मिऊ शनिवारी आल्या. दाइचीला रजा नव्हती. मिऊ मला विमानतळावरच बिलगली. मिलिंदकडे पाहिलं आणि आईच्या कोटामागे गेली. रात्री भूक नव्हती कुणाला, झोपेचा गोंधळ. खरं जेवण दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. मी वरण, भात, तूप, बटाट्याची भाजी केली होती. भात बघून मिऊ खूश. मिलिंदनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता, मी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. किती झालं तरी माझाच ना तो.

पोरीचे दोन-चार घास झाल्यावर त्यानं घसा खाकरला आणि तिच्याकडे वळून सुरुवात केली. मिऊनं चमचा हवेतच थांबवला. आजोबांच्या तोंडून आपली भाषा! डोळे हे एवढे मोठे. आणि पहिल्या काही शब्दांतच तिनं मान हलवली. नाही नाही. तो शब्द तिनं नीट म्हणून दाखवला आणि म्हणाली, “मोऊ इक्काई.”

अनुयानं झटकन वर पाहिलं.

मिलिंदनं पुन्हा म्हटलं. थोडं पुढे गेला तर परत तिनं अडवलं. हसत नव्हती, चिडवत नव्हती. बालवाडीतल्या बाईंसारखी अगदी शिस्तीत. “मोऊ इक्काई.” हिवाळाभर हा माणूस ज्यासाठी तडफडला ते त्याला मिळत होतं. कसला पक्का इन्स्पेक्टर, एक फुटका पार्ट पुढे जाऊ देईना! पण तो भुंग्यापर्यंत पोचेचना. तिसऱ्यांदा सुरू केलं, तिसऱ्यांदा अडला. मानेपासून लाल होत गेला. मग त्यानं हातातला चमचा ताटाशेजारी सरळ ठेवला.

“इट्स ओके,” मिलिंद म्हणाला. “नेव्हर माइंड.”

मिऊच्या कॉलवरचं सोडलं तर घरात कधी इंग्रजी न बोलणारा माणूस. मला वाटतं, आपण काय म्हणालो हे त्याला बोलून गेल्यावर कळलं असावं, कारण तो एकदम अनुयाकडे बघायला लागला, आणि मग बघवेना म्हणून ताटाकडे. मिऊ एकदा आईकडे, एकदा आजोबांकडे बघत होती, आपलं काय चुकलं ह्या विचारात.

“बाबा,” अनुया म्हणाली, “तू बोल. चूक झाला तर झाला. मी सांगते तिला.”

मराठीत. अडखळत, एकेक शब्द शोधून, पण मराठीत. बारा वर्षांची पोर जिथे थांबली होती तिथूनच पुढे बोलल्यासारखी. मी मिलिंदकडे पाहिलं. खरं सांगते, माझ्या हातात वरणाची पळी होती, आणि आता जर ह्यानं हात वर केला तर पळी फेकून मारायची हे मी ठरवलं होतं. त्याचे ओठ हलले. तिच्या त्या वाक्यावर त्याचा अंगठा फिरलेला मला दिसला, नाही असं नाही. पण त्यानं नुसती मान डोलावली.

अनुयानं मिऊला जपानीत काहीतरी सांगितलं. मिऊनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि तशीच बसली.

मिलिंद बोलला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. काबुतोमुशी आलं, ते मी ओळखलं. आवाज मध्येच फुटला, तरी थांबला नाही. किती चुका होत्या मला माहीत नाही. एकदा मिऊचे हात तोंडावरून निसटायला लागले, ते तिनं पुन्हा घट्ट दाबले.

त्याचं संपल्यावर तिनं हात काढले आणि बोलायला लागली. भराभर, लांबलचक, बोटं दाखवत, टेबलाखाली काही असल्यासारखी वाकून दाखवत. सप्टेंबरात ह्याच जागी त्यानं व्हेरी नाइस म्हटलं होतं. आता तो तिच्याकडे झुकला, कान पुढे केला.

“मोऊ इक्काई,” म्हणाला. “मला कळलं नाही ग. मोऊ इक्काई.”

मिऊ खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून त्याच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

मी आणि अनुयानं ताटं उचलली. सिंकपाशी मी विचारलं की काय सांगतेय एवढं. तर म्हणे, तो भुंगा मादी होता, मरायच्या आधी तिनं अंडी घातली होती. आता बाल्कनीतल्या मातीच्या डब्यात जाड्या पांढऱ्या अळ्या आहेत, उन्हाळ्यात त्यांचे भुंगे होणार, तेव्हा आजोबांनी बघायला यायचं. हे सगळं अनुयानं मला इंग्रजीत सांगितलं.

“त्याला कळतंय का पण?” मी विचारलं.

“हाफ,” ती म्हणाली. मग तिनं नळ बंद केला. “अर्धा. तो परत विचारतोय.”

मी तिच्या हातातून ताट घेतलं आणि पुसायला लागले. टेबलाकडून मिलिंदचा आवाज आला, मोऊ इक्काई, आणि त्यावर मिऊचा मोठा उसासा.